मास्तरांची जांभळी जीभ

गल्लीतल्या शिंपी मास्तरांना इंग्रजीतला एकच शब्द येतो, पण तो ते इतक्या कामांना जुंपतात, की दुसऱ्याची गरज त्यांना कधी पडली नाही. तो शब्द म्हणजे ‘इनसाइड’.

कोटाचं अस्तर म्हणजे इनसाइड. छातीपाशी जो चोरखिसा असतो, तोही इनसाइड. दुकानात पडद्यामागे दीड माणूस मावेल एवढी जागा आहे, तिथे कपडे अंगात घालून बघायचे, तीसुद्धा इनसाइड. गिऱ्हाईक आलं की मास्तर टेपचं टोक पडद्याकडे करतात आणि म्हणतात, “इनसाइड.” पोट बिघडलं की इनसाइडला गडबड असते. रेडिओ बंद पडला की त्याचं इनसाइड गेलेलं असतं. समोरच्या लाँड्रीवाल्याच्या मेव्हण्याला एकदा पोलीस घेऊन गेले, तेव्हा सगळी गल्ली तोंडावर हात ठेवून कुजबुजत होती, आणि मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता सरळ विचारलं, “किती दिवस इनसाइड?”

आणि एखाद्या माणसाबद्दल कुणी मत विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. “वरून झकास. इनसाइड बघावं लागेल.”

यापलीकडे मास्तर बोलत नाहीत. बोलायचं काम घरात बाईंकडे आहे. बाई म्हणजे मास्तरांची बायको. गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे, तिथे बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटचे नंबर पुकारायचं काम त्या सत्तावीस वर्षं करतायत. आधी थोरल्या डॉक्टरकडे केलं, आता त्याच्या मुलाकडे. बाईंनी “नंबर सात, आत जा” म्हटलं की सातव्या दुकानातला माणूसही उठून उभा राहतो. दाढ काढून घ्यायला घाबरणारे कित्येक लोक केवळ त्या आवाजाला भिऊन आत गेले आणि बरे होऊन बाहेर आले. डॉक्टर गमतीनं म्हणतो, “भूल बाईच देतात, मी नुसता पकड धरतो.”

तर असा हा जोडा. एक सगळं बाहेर बोलणारी, एक सगळं आत ठेवणारा. बाई चारचौघांत सांगतात, “आमचे हे आतल्या गाठीचे. गाठ कुठाय तेसुद्धा सांगणार नाहीत.” आणि त्याच्या मागोमाग ती गोष्ट सांगतात, जी गल्लीत कुत्र्यांनाही पाठ आहे.

गोष्ट अशी. बाई बावीस वर्षांच्या असताना दवाखान्यात नोकरी लागली. सकाळी गार वारं असतं, म्हणून वडील त्यांना कोट शिवायला या दुकानात घेऊन आले. बायकांचं माप तेव्हा मास्तरांची आई घ्यायची, पडद्याच्या आत. ती आतून आकडे ओरडून सांगायची आणि मास्तर बाहेर उभे राहून लिहून घ्यायचे. दोन दिवसांनी निरोप आला, माप चुकलंय, परत या. बाई परत गेल्या. आठवड्यानं पुन्हा निरोप, परत या.

“तीनदा,” बाई तीन बोटं वर करून सांगतात. “एका कोटाला तीनदा माप. तिथेच मला कळायला हवं होतं की ह्या माणसाला धड मोजता येत नाही. तरी केलं लग्न. कोट पसंत पडला हो, शिंपी नाही.”

ऐकणारे हसतात. मास्तर हसत नाहीत, रागावतही नाहीत. काज करत बसतात.

आता मास्तरांच्या जिभेबद्दल. ती जांभळी आहे. दुखणं वगैरे काही नाही. वरून काळी दिसते आणि ओली झाली की जांभळी उमटते, अशी एक जुनी पेन्सिल मिळते. मास्तर ती जिभेवर टेकवून लिहितात. कोटाच्या वरच्या कापडाच्या आणि अस्तराच्या मध्ये एक जाड, ताठ कापड असतं, त्याला कॅनव्हास म्हणतात. कोटाला जो डौल येतो तो त्या कॅनव्हासमुळे. त्यावर मास्तर गिऱ्हाइकाची मापं लिहून ठेवतात आणि मग वरून अस्तर शिवून टाकतात. ही रीत त्यांच्या वडिलांची. वडील म्हणायचे, “बाहेरचं गिऱ्हाईक बघतं. आतलं पुढचा शिंपी बघतो. गिऱ्हाइकाची लाज नाही बाळगलीस तरी चालेल, पुढच्या शिंप्याची बाळग.” उद्या कोट मोठा करायला कुणी उघडला, तर त्या परक्या शिंप्याला नेमकं काय ते कळावं, एवढाच हेतू.

पण माणसाचं माप म्हणजे काही नुसते आकडे नव्हेत. एकाचा उजवा खांदा खाली असतो, ते लिहायला हवं. एक जण माप देताना श्वास रोखून पोट आत ओढतो. तेही लिहायला हवं, नाहीतर पुढचा शिंपी फसायचा. मग मास्तरांनी एकदा लिहिलं, “पोट आत ओढतो, अर्धा इंच सोडला.” पेन्सिल जिभेवर होतीच, हातासरशी पुढे लिहिलं, “घरीही असंच करत असणार.” त्या दिवशी त्यांना इतकं बरं वाटलं, की म्हणावं जन्माचं अपचन गेलं. तेव्हापासून सवयच लागली. दिवसभर “हो साहेब, बरोबर साहेब” म्हणायचं, आणि संध्याकाळी अस्तर लावण्याआधी माणसाचं जे काही मनात आलं असेल ते कॅनव्हासवर उतरवून, वरून बारीक टाके घालून बंद करायचं. तीस वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसानं स्वतःचं खरं वर्णन छातीशी बाळगत समारंभ केले आणि कुणाला पत्ता लागला नाही. बाईंनासुद्धा नाही. जीभ जांभळी का, तर मापं लिहिली म्हणून. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

भांडं फुटलं ते लाँड्रीत.

दातांच्या डॉक्टरचा कोट इस्त्रीला आला होता. इस्त्रीचं टोक अस्तरात अडकलं आणि अस्तर काखेपासून खालपर्यंत टरकलं. लाँड्रीवाल्यानं नुकसान किती ते बघायला कापड वर उचललं. खाली जांभळ्या अक्षरात लिहिलं होतं:

“छाती चाळीस. मान पुढे. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगतो, त्यामुळे स्वतःचं मिटायला विसरला आहे.”

लाँड्रीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. इथे तर अख्खं तिळाचं पोतं हाती लागलेलं. त्यानं जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या गल्लीला ते वाचून दाखवलं, दोन वेळा तर चालीवर.

संध्याकाळी डॉक्टर हातावर कोट टाकून दुकानात आला. मास्तरांनी त्याला येताना पाहिलं आणि त्यांच्या इनसाइडला खरोखरच गडबड सुरू झाली. बायकोची नोकरी ह्याच माणसाच्या टेबलाशी होती.

“मास्तर, हे तुम्ही लिहिलंत?”

“अक्षर माझंच आहे.”

“बारा वर्षं हे माझ्या छातीवर होतं?”

“छातीवर नाही. जरा डावीकडे, बरगडीपाशी.”

डॉक्टर स्टुलावर बसला. “खरं सांगा. मी फार बोलतो का?”

मास्तरांनी पटकन तीन टाचण्या ओठांत धरल्या. शिंप्याच्या धंद्यात ही एक सोय असते. मग आपण मुळीच फार बोलत नाही, हे डॉक्टरनं त्यांना पाऊण तास सांगितलं. शेवटी दम लागून थांबला, कोटाकडे बघितलं, आणि त्याला एकदम हसू फुटलं. “माझी आई सोडून कुणी हे मला तोंडावर सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “अस्तर लावा. पण ते पुसू नका.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकानापुढे रांग. ज्यानं ज्यानं मास्तरांकडून कधी कोट शिवून घेतला होता, तो तो कोट काखोटीला मारून हजर. “जरा इनसाइड बघायचं होतं.” जे आदल्या दिवशी डॉक्टरला हसत होते, त्यांची तोंडं आता स्वतःचं अस्तर उसवताना परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी झाली. लाँड्रीवाल्यानं स्वतःच्या हातानंच आपला कोट उघडला. त्यात आतून एक जादा खिसा होता; तो कशाला दिला ते त्याला आजवर कळलं नव्हतं. आता कळलं. “शेजारी. पोटात काही राहत नाही. खिशात तरी राहो, म्हणून एक जास्त दिला.” तीन दिवस तो मास्तरांशी बोलला नाही. चौथ्या दिवशी न बोलणं त्यालाच सोसेना.

खरा घोळ घातला तो शाळेच्या मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पाठीचा कणा असा, की त्यावर ओळंबा धरून भिंत बांधावी. त्यांचा कोट उघडला तर आत नुसते आकडे. छत्तीस, चौदा, बावीस.

“बस?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बस.”

“लाँड्रीवाल्याबद्दल तीन ओळी आहेत.”

“तो जरा… जागा खाणारा माणूस आहे.”

“माझ्यात लिहिण्यासारखं काहीच दिसलं नाही तुम्हाला?”

“खांदे सरळ, पाठ सरळ. चूकच नव्हती काही, बाई. काय लिहिणार?”

“बत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले,” मोठ्या बाई म्हणाल्या, “कोरी वही मी कुणाची परत दिली नाही.” आणि स्टुलावर ठाण मांडून बसल्या. त्या समोर असताना त्यांच्याबद्दल लिहायचं, म्हणजे वाघाला मिशी धरून मापण्यासारखं होतं. मास्तरांनी पेन्सिल चार वेळा जिभेला लावली, कपाळाचा घाम पुसला, कपाळही जांभळं करून घेतलं, आणि लिहिलं, “ताठ. हसू आलं की खिडकीबाहेर बघतात.” मोठ्या बाईंनी ते वाचलं, आणि लगेच खिडकीबाहेर बघितलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण एवढा तमाशा गल्लीत चालू असताना तो बाईंच्या कानावर जाणार नाही, हे शक्यच नव्हतं. डॉक्टर त्यांना रोज ताजी बातमी देत होता. बाई आधी हसल्या. मग विचारात पडल्या. आणि गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्यांनी ताटात वाढता वाढता विचारलं,

“अहो, माझ्या कोटात काय लिहिलंय?”

मास्तरांचा घास हातात राहिला.

“मापं,” ते म्हणाले.

“तीनदा घेतलीत, म्हणजे मापं असणारच. आणखी काय?”

“आठवत नाही.”

“बरं. रविवारी मला सुट्टी आहे. उघडू या.”

मास्तर खोटं बोलले होते. त्यांना आठवत होतं. सगळं नव्हे, पण जेवढं आठवत होतं तेवढं झोप उडवायला पुरेसं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या वेळी माप द्यायला आली तेव्हा त्या मुलीनं भर दुकानात, चार गिऱ्हाइकांपुढे, आपल्या त्या आवाजात विचारलं होतं, “मास्तरांना टेप वाचता येते ना?” तिचे वडील हसले होते, गिऱ्हाइकं हसली होती. आणि तिची पाठ वळल्यावर मास्तरांनी पेन्सिल जिभेवर दाबून लिहिलं होतं. शब्द न शब्द डोळ्यांपुढे होता. “तोंडाळ. हिच्या होणाऱ्या नवऱ्याची कीव येते.”

तेव्हा काय ठाऊक, की ती कीव आपलीच यायची आहे.

बाकीच्या गल्लीनं आपापले शेरे हसून घेतले होते, पण बाकीच्या गल्लीशी मास्तरांना रोज एका ताटलीत चटणी वाटून खायची नव्हती. आणि बाईंचं काय व्हायचं, हेही त्यांना ठाऊक होतं. बाईंना रागानं बोलताना सगळ्यांनी ऐकलं होतं. गप्प झालेल्या मात्र एकट्या मास्तरांनी पाहिल्या होत्या, लग्नानंतर एकदाच, अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत घरातलं घड्याळसुद्धा दबकत चालत होतं. ते पुन्हा नको होतं.

शुक्रवारी सकाळी बाई दवाखान्यात गेल्या आणि मास्तरांनी कपाटाचा सगळ्यात वरचा खण उघडला. कोट होता. करडा, बारका, कॉलर थोडी झिजलेली. पंचवीस वर्षांत बाईंच्या अंगात तो शिरला नव्हता, तरी दर वर्षी त्या तो उन्हाला दाखवायच्या. मास्तरांनी तो पिशवीत कोंबला, वर इस्त्रीचे दोन पायजमे टाकले आणि चोरासारखे दुकानात आले.

बेत सोपा होता. अस्तर उसवायचं, लिहिलेला कॅनव्हासचा तुकडा काढायचा, त्याच जागी नवा बसवायचा, त्यावर काहीतरी गोड लिहायचं आणि शिवून टाकायचं. तास-दीड तासाचं काम. गोड काय लिहायचं तेही त्यांनी रात्रभर ठरवून ठेवलं होतं: “स्वभाव मोकळा.”

पडदा ओढून मास्तर इनसाइडला बसले, ब्लेड घेतलं आणि शिवणीत घातलं. ते जाईना. त्यांनी चष्मा पुसला. शिवण दिव्याखाली धरली. टाके इतके बारीक, इतके जवळ, की दोन टाक्यांमध्ये ब्लेडचं टोक शिरायला जागा नाही. आणि नुसती एकेरी शिवण नव्हे. आतून दुसरी, उलटी. मास्तरांनी आयुष्यात कुणाच्या कोटाला असे टाके घातले नव्हते. नगराध्यक्षाच्या कोटालाही नाही. हे कुण्या येड्यानं केलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं, की दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

एक एक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, कापायचा, ओढायचा. तासाभरात वीतभर शिवण उसवली. कपाळावरून घाम टपटप कोटावर पडायला लागला.

इतक्यात पलीकडून लाँड्रीवाल्याचा आवाज आला. “मास्तर, आहात का?”

मास्तरांनी ब्लेड थांबवलं.

“पडद्याखालून पाय दिसतायत तुमचे.”

“इनसाइड काम चालू आहे,” मास्तर म्हणाले.

“कुणाचं?”

“गिऱ्हाइकाचं.”

पण लाँड्रीवाला म्हणजे कपड्यांवरून माणसं ओळखणारा माणूस. पडद्याच्या फटीतून त्याला करड्या बाहीची एक कड दिसली. दर वर्षी समोरच्या गॅलरीत उन्हात वाळणारी बाही. तो काही बोलला नाही. तेवढ्यावरूनच मास्तरांनी ओळखायला हवं होतं. हा माणूस बोलला नाही, म्हणजे बोलायला दुसरीकडे गेला. लाँड्रीवाल्याची दाढ त्याच क्षणी दुखायला लागली आणि तो गाल धरून दवाखान्याकडे चालता झाला.

वीस मिनिटांनी पडदा सरकला.

बाई उभ्या होत्या. मागे लाँड्रीवाला, गालावर हात, चेहऱ्यावर दुःख, आणि त्या दुःखाआड न मावणारा आनंद.

मास्तरांच्या मांडीवर कोट होता, ब्लेड हातात होतं. नवा कॅनव्हासचा तुकडा शेजारी होता आणि त्यावर आधीच लिहून झालं होतं, “स्वभाव मोकळा.” बाईंनी तो तुकडा उचलला, वाचला आणि खाली ठेवला.

“म्हणजे जुन्यावर ह्याच्या उलट आहे,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ब्लेड मांडीवर ठेवलं.

“किती उरलंय उसवायचं?”

“वीतभर.”

“उसवा. मी अर्धी रजा टाकून आलेय. डॉक्टर स्वतः नंबर पुकारतोय.”

“अगं, रविवारी…”

“उसवा म्हटलं ना.”

ती वीतभर शिवण उसवायला आणखी तासभर लागला. बाई स्टूल आत ओढून अवघडून बसून राहिल्या. सुरुवातीला त्या ब्लेडकडे बघत होत्या, मग टाक्यांकडे बघायला लागल्या. “केवढे बारीक घातलेत,” त्या मधेच म्हणाल्या. मास्तर म्हणाले, “तेव्हा डोळे चांगले होते.” लाँड्रीवाल्यानं दोनदा सुचवलं की आपल्याकडे धारदार कात्री आहे, आणि दोन्ही वेळा नवरा-बायको दोघांनी मिळून त्याच्याकडे असं बघितलं, की तो पडद्याबाहेर गेला. पण पाय पडद्याखाली दिसत राहिले.

अस्तर सुटलं. बाईंनी कोट आपल्याकडे ओढला, दिव्याखाली धरला, आणि सवयीप्रमाणे नंबर पुकारावा तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

“खांदा साडेचौदा. पाठ पंधरा. बाही बावीस.” खाली एक रेघ होती. “परत बोलावले. खांदा साडेचौदा. पाठ पंधरा. बाही बावीस. तोंडाळ. हिच्या होणाऱ्या नवऱ्याची…”

आवाज थांबला. पडद्याबाहेर लाँड्रीवाल्याचा श्वासही थांबला.

“कीव येते,” बाईंनी वाक्य पुरं केलं. जेवढ्यास तेवढं, गाडीचा नंबर वाचावा तसं.

मास्तरांनी टाचण्या शोधल्या. डबी टेबलावर राहिली होती, हात पोचत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओठांत धरायला काही नव्हतं, आणि म्हणून काहीतरी बोलावं लागणार होतं. “तू तेव्हा चारचौघांत म्हणालीस, की टेप…”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “अजून आहे.”

आणखी होतं, हे मास्तरांनाच ठाऊक नव्हतं. बाई पुढचं वाचायला लागल्या, पण आता आवाज येईना. त्या मनातल्या मनात वाचत होत्या. दवाखान्यातल्या रजिस्टरवरचं नावसुद्धा ज्या मनात वाचत नाहीत, त्या बाईंचे नुसते ओठ हलत होते. मास्तरांनी मान वाकडी करून बघितलं.

“परत बोलावले,” तिसऱ्या रेघेखाली लिहिलं होतं. “खांदा साडेचौदा. पाठ पंधरा. बाही बावीस. माप पहिल्यापासून बरोबर आहे. चौथ्यांदा बोलावायला निमित्त सापडत नाही.”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं लाल होणं शोभत नाही, पण इलाज नव्हता. शिव्या तेवढ्या आठवल्या होत्या आणि हे विसरलं होतं. का विसरलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा टाके फार घट्ट घातले, म्हणून.

“म्हणजे तुम्हाला मोजता येत होतं,” बाई म्हणाल्या.

“येत होतं.”

“आणि सत्तावीस वर्षं मी गावभर सांगत फिरले की येत नाही. तुम्ही एकदाही बोलला नाहीत.”

“तू छान सांगतेस ती गोष्ट,” मास्तर म्हणाले. “लोक हसतात.”

बाई कोटाकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. “अहो, तिसऱ्या वेळी सासूबाईंनी मला टेप लावलीच नव्हती. गळ्यातच होती त्यांच्या. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि नुसते आकडे ओरडल्या. मला वाटलं, दमल्या असतील.”

“आईला ते सांगितलं नव्हतं मी.”

“सांगायला कशाला हवं? आतून दिसत होतं त्यांना सगळं.”

पडद्याबाहेरून राहवेना. “वहिनी,” लाँड्रीवाला म्हणाला, “तिसरं ऐकू नाही आलं. काय लिहिलंय?”

“आज नंबर संपले,” बाई म्हणाल्या. “उद्या या.”

पाय तरी तिथेच. मग बाईंनी दवाखान्यातला आवाज काढला, “दाढेचा पेशंट, बाहेर जा,” आणि पाय गेले.

दुकानात थोडा वेळ शांतता होती. ती अकरा दिवसांवाली शांतता आहे का, याचा मास्तर अंदाज घेत होते. कापड हातात घेऊन वजन जोखावं तसा. तशी वाटत नव्हती. बाईंनी कोट झटकला आणि अंगावर धरून बघितला. तो त्यांच्या निम्म्याला पुरत होता.

“ह्याला मोठा करता येईल?”

“बाजूला कापड ठेवलेलं आहे. दोन्हीकडे दीड-दीड इंच.”

“तेव्हापासून?”

“नोकरीला लागलीस की बाळसं धरशील, असा अंदाज होता.”

“कीव येते म्हणे,” बाई म्हणाल्या, आणि खांद्यावरचा पदर सावरून पडद्याजवळ सरळ उभ्या राहिल्या. “घ्या माप. आणि एकदाच घ्या. मला रोज रोज यायला वेळ नाही.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. आत आकडे ओरडून सांगायला आता आई नव्हती, त्यामुळे मोजायचंही त्यांनीच होतं आणि लिहायचंही त्यांनीच. त्यांनी खांदा मोजला, पाठ मोजली, बाही मोजली. बाईंनी श्वास रोखून पोट आत घेतलं, ते त्यांनी बघितलं. मग पाठ फिरवून, टेबलावर वाकून, बराच वेळ लिहीत बसले. तीन आकडे लिहायला लागतो त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्यात जायला निघाल्या तेव्हा मास्तर दारापर्यंत आले. हे ते कधी करत नाहीत.

“बाही,” ते म्हणाले.

“काय झालं बाहीला?”

“चुकली वाटतं. संध्याकाळी जरा दुकानावरून ये. परत घ्यावी लागेल.”

बाईंनी पायातली चप्पल तशीच ठेवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

“जीभ दाखवा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.